मे महिन्यात मोजलेली वाट

घरापासून शाळा नऊ मिनिटांवर आहे, हे मी मनगटावरच्या घड्याळात बघून ठरवलं होतं. एकदा जाताना मोजलं, एकदा येताना. मोठ्या माणसाच्या चालीने मोजलं तर चूक व्हायची, म्हणून मुद्दाम दहा वर्षांच्या मुलीएवढी तोकडी पावलं टाकत चाललो. डोंबिवलीच्या मोकळ्या रानात, भर दुपारी, कोट-टोपी घातलेला एक इसम घड्याळाकडे बघत तुरुतुरु चालला आहे, हे पाहून गुरं राखणारा एक म्हातारा बाजूला झाला आणि त्याने मला वाट करून दिली. तेव्हा वाटलं, मान दिला. आता वाटतं, वेड्याला देतात तशी दिली असावी.

मोजण्यात चूक नव्हती. नऊ मिनिटं म्हणजे नऊच मिनिटं. फक्त मी ती मे महिन्यात मोजली होती.

त्या वेळी आम्ही गिरगावात राहत होतो. खोली एक आणि माणसं चार: मी, बायको, नुकतीच चौथी पास झालेली मुलगी आणि वर्षाचा मुलगा. मुलगा रांगायला लागला तेव्हा दोन हात रांगला की समोर भिंत यायची, आणि तो वळून आमच्याकडे असा बघायचा की भिंत आम्हीच आत्ता बांधली आहे. मुलगी अभ्यासाला खाटेवर बसायची, डोक्यावर वाळत घातलेल्या कपड्यांखाली. स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मुंबईत माणसं येतच होती. मोठी जागा मिळणं आमच्यासारख्याला शक्य नव्हतं. तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठेतरी बाहेर पडायचं असं ठरलं.

बायकोने एकच गोष्ट सांगितली.

"हवा, पाणी, शेजार, सगळं तुमच्या पसंतीने बघा. मला दुसरं काही नको. शाळा अशी हवी, की मुलीला रोज एकटीला पायी जाता येईल. अकरावीपर्यंत."

"अकरावीपर्यंत?"

"हो. मॅट्रिक होईपर्यंत मधे सोडवायची नाही."

मी बरं म्हटलं. वर्तमानपत्र वाचता वाचता नवरे बरं म्हणतात, तसं म्हटलं.

पुढचे सहा-सात रविवार मी जागा बघत फिरलो. कल्याणला मनासारखी जागाच मिळेना. ठाण्यात मिळत होत्या, पण गल्लीतल्या, काळोख्या. दिवसा दिवा लावून बसायचं तर गिरगाव काय वाईट होतं? कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ वर्षभरापूर्वी डोंबिवलीला राहायला गेले होते. ते रोज डबा खाताना डोंबिवलीचं वर्णन करत. "अहो, विहिरीचं पाणी असं, की दगड खाल्ला तरी पचेल. संध्याकाळी ओट्यावर बसलं की गार वारा. आणि स्टेशन हाकेच्या अंतरावर." त्यांना मूलबाळ नव्हतं, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. पुढे एकदा मी त्यांना दोष दिला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी स्टेशनाकडे जातो. मी कशाला शाळेकडे जाऊ?" त्यावर मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

त्यांच्याच ओळखीने ती जागा मिळाली. एका ओळीत नवी बांधलेली पाच बिऱ्हाडं, शेवटचं आमचं. दोन खोल्या, पुढे ओटा, वर लाल कौलं, दाराशी तगर. स्टेशनावर पोचायला सात मिनिटं, तीही पक्क्या सडकेने. खरं सांगायचं तर मी घर पसंत केलं ते या सात मिनिटांसाठी. शाळेची मिनिटं नंतर मोजली, आणि ती थोडीच भरावीत अशी माझी फार इच्छा होती.

शाळा आमच्या घरामागच्या रानापलीकडे होती. घराच्या मागच्या दारातून एक पायवाट निघे, माणसांच्या पायांनी पांढरी झालेली, दोरी ताणल्यासारखी सरळ. दोन्ही बाजूंना तापलेली, भेगा पडलेली जमीन. मधे एक खोलगट जागा होती, गोल दगडगोट्यांनी भरलेली. तिच्यात उतरून दगडावर पाय देत पलीकडे चढलं की समोर शाळा. त्या खोलगटात झाडाची सावली होती, वारा होता. मी तिथे टोपी काढून दोन मिनिटं बसलोही. घरी येऊन बायकोला सांगितलं, की वाटेत मुलीला बसायला सुद्धा छान जागा आहे.

तिने विचारलं, "वाटेत काय काय लागतं?"

"काही नाही. मोकळी जमीन. गाड्या नाहीत, फाटक नाही, रस्ता ओलांडायला नको."

"जमीन कोणाची?"

"कोणाची म्हणजे? देवाची."

ती हसली नाही. पण तिने पुढे विचारलंही नाही, आणि मे संपता संपता आम्ही सामान हलवलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पाऊस लांबला होता. पहिले आठ दिवस मुलगी त्या पायवाटेने एकटी गेली आणि एकटी आली. बायको मागच्या दारात उभी राही. तिला मुलगी शाळेच्या पायरीपर्यंत दिसे. मी कचेरीत सगळ्यांना सांगत असे की माणसाने जागा बघावी तर अशी. घड्याळ लावून बघावी. दोघातिघांनी माझा सल्ला घेतला. त्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही.

मग पाऊस लागला. चार दिवस संततधार पडल्यावर पाचव्या दिवशी वाट फार निसरडी झाली असेल म्हणून मी कचेरीला उशीर करून मुलीला सोडायला निघालो. मागच्या दारातून बाहेर पडलो, पंचवीस-तीस पावलं गेलो, आणि वाट संपली. पुढे पाणी होतं. पाण्यात बैल नांगर ओढत होते, बायका वाकून काही करत होत्या. मी मुलीचा हात धरून, चिखल चुकवायचा म्हणून, बाजूच्या दाट हिरव्या गवतावर चढलो.

"ए दादा, पाय काढ. रोप हाय ता."

एक बाई ताठ उभी राहिली होती. काळीसावळी, उंच, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून कासोटा घट्ट मारलेला, डोक्यावर पावसासाठी पानांचं इरलं. मी पाय काढला.

"मला गवत वाटलं."

"गवत?" तिने वळून बाकीच्या बायकांना सांगितलं, "भाताला गवत म्हनतोय ग." त्या पाण्यात उभ्या राहून बराच वेळ हसल्या. मुलगीही हसली, ते मला जास्त लागलं.

"ही शाळेची वाट ना?" मी विचारलं.

"वाट कंची? शेत हाय आमचं. भात कापलं का आठ म्हैने लोकां चालतान, आमी काय बोलत नाय. आता चार म्हैने वाट मिटली."

"आणि तो पुढचा खड्डा, दगडांचा?"

"खड्डा नाय, ओढा हाय. बांधावरून जा आनि बघून ये."

मी मुलीला बांधावर उभं केलं आणि बघून आलो. ज्या दगडांवर मी टोपी काढून बसलो होतो, ते कुठे दिसत नव्हते. तांबूस पाणी काठोकाठ चाललं होतं आणि त्यातून एक मोडलेली फांदी माझ्या चालीपेक्षा जोरात गेली.

"मग शाळेत जायचं कसं?"

"सडकेन. ठेसनावरून, पुलावरून." मग ती सहज म्हणाली, "आमची पोरां नाय जात पावसान."

ती सहज म्हणाली हे मला तेव्हा जाणवलं नाही. आमच्या घराभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या त्या माणसांना शाळा आठ महिन्यांची होती, वाट आठ महिन्यांची होती म्हणून. त्यांना ते ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, एवढाच आमच्यातला फरक, आणि कोट मी घालत होतो.

घरी येऊन मी बायकोला गवताच्या विनोदापासून सुरुवात करून सांगितलं. तिने तो विनोद बाजूला काढून ठेवला.

"पूल कुठे आहे?"

"स्टेशनाच्या पलीकडे."

"किती वेळ लागेल?"

"साधारण अर्धा तास."

"मी मुलीचं विचारते आहे."

"पाऊण तास."

तिने मुलाला कडेवर घेतलं, छत्री घेतली आणि मुलीला घेऊन बाहेर पडली.

त्या दिवसापासून रोज तसंच. शाळा अकराची. ही सव्वादहाला मुलाला कडेवर घेऊन निघे, मुलीला पोचवून पावणेबाराला परत येई. स्वयंपाक-पाणी, धुणं, विहिरीवरच्या खेपा. पुन्हा सव्वाचारला निघे, पावणेसहाला भिजून परत. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून शनिवारी वेळा वेगळ्या, पाय तेच. मी साडेआठला घरातून निघे आणि सात मिनिटांत पक्क्या सडकेने स्टेशनावर पोचे. त्या सबंध पावसाळ्यात माझे बूट फारसे भिजले नाहीत. ही गोष्ट कोणी माझ्या तोंडावर बोललं नाही. संध्याकाळी मी बूट ओट्यावर काढून ठेवी तेव्हा शेजारी हिच्या चपला चिखलाने जड होऊन पडलेल्या असत, आणि मी माझे बूट जरा दूर सरकवून ठेवी.

आषाढात मुलीचे बरेच दिवस बुडले. कधी मुलाला ताप, कधी हिला, कधी पुलावरच पाणी. वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली: मुलगी हुशार आहे, पण वर्गात असली तर. मी चिठ्ठीवर सही केली. सही मला चांगली जमते.

श्रावणातला तो दिवस. पाऊस दोन दिवस उघडल्यासारखा झाला होता. मुलगा तापाने फणफणला होता, डोळे उघडत नव्हता, आणि सव्वाचारला त्याला घेऊन बाहेर पडायचं धैर्य हिला होईना. शेजारचं बिऱ्हाड गावाला गेलं होतं. हिने विचार केला, मुलगी शाळेच्या पायरीवर थांबेल. मी आलो की मला पाठवता येईल. मुलगी थांबलीही. शाळा सुटली, मुली गेल्या, शिपायाने दारं लावली, तोही गेला. शाळेच्या पायरीवरून आमच्या घराची लाल कौलं दिसत. इतकी जवळ, की मागच्या दारात आई उभी असती तर ओळखू आली असती. मुलगी उठली आणि सरळ वाटेने निघाली.

मी सहा-सव्वासहाला घरी पोचलो तेव्हा ती शेतातली बाई आमच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून लुगड्याचा पदर पिळत होती. ही दारात उभी होती. आत मुलगी घोंगडीत गुंडाळून चुलीसमोर बसलेली, आणि चुलीच्या दोन्ही अंगांना तिची पुस्तकं उघडून उभी केलेली.

"ओढ्यान उतरली तुझी पोर," बाई मला म्हणाली. "मी बेननी करीत व्हते, भातातलं गवत उपटीत. बघतय तं मधेच उबी. पानी कंबरेला. दप्तर डोक्यावर. पुढं येना, मागं जाईना."

मी हातातली छत्री भिंतीला टेकवून ठेवली.

"पानी उतरलं व्हतं म्हनून. परवाच्या पान्यान असती तं..." ती थांबली. "रडली नाय पोर. मी म्हनलं, दप्तर टाक नि हात दे. तं नाय म्हनाली. दप्तर मीच घेतलं, मंग हात दिला."

हिने तिला चहा दिला. तिने तो बशीत न ओतता घोटाघोटाने प्यायला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बांधाबांधाने निघून गेली. आभार मानायचे असतात हे मला ती शेताच्या मध्यावर पोचल्यावर आठवलं.

जेवणं झाली. मुलाचा ताप उतरत होता. मुलगी कुशीवर वळून झोपली. मी ओट्यावर येऊन बसलो, ही कंदिलाची काच पुसत होती. मी म्हणालो, "यंदा राहू दे शाळा. एक वर्ष घरी राहिली तर काय बिघडतंय? पावसाळा जाऊ दे, मग बघू."

मला वाटलं मी शहाणपणाचं बोललो. मुलीच्या काळजीने बोललो, हे तर खरंच होतं.

ही काच पुसत राहिली. मग म्हणाली, "माझे वडील हेच म्हणाले होते."

माझ्या बायकोचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. लग्न ठरताना तसं सांगितलं होतं. माझी समजूत अशी, की त्यांच्या गावी पुढे शाळाच नसावी. बारा वर्षांत मी ते कधी विचारलं नव्हतं.

"शाळा होती," ती म्हणाली. "नदीपलीकडच्या गावात. होडीने जायचं, पुढे कोसभर चालायचं. दोन मुली जात होत्या, मी तिसरी. पहिल्याच पावसाळ्यात होडी कलंडली. कोणाला काही झालं नाही. वडील म्हणाले, पावसाळा जाऊ दे, मग बघू."

"मग?"

"मग पावसाळा गेला. मी दप्तर भरून ठेवलं होतं. दसरा झाला, दिवाळी झाली. मला शाळेत जायचं नाही असं कोणी म्हणालंच नाही. म्हणालं असतं तर रडले तरी असते."

तिने काच कंदिलावर बसवली, वात खाली केली. "वडील वाईट नव्हते हो," ती म्हणाली. "काळजीनेच म्हणाले." आणि आत गेली.

मी बाहेर बसून राहिलो. घरामागच्या शेतातून बेडकं ओरडत होती. नऊ मिनिटं मोजल्याचं मी किती लोकांना सांगितलं होतं, ते एकेक तोंड माझ्यासमोर येऊ लागलं. वाटेची चूक एका अर्थी क्षम्य होती. शहरातल्या माणसाला शेत कळत नाही. पण आत्ता जे वाक्य मी बोललो होतो, ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं, मे महिन्याचा त्यात दोष नव्हता. ते माझ्या तोंडात तयारच होतं.

सकाळी मी म्हणालो, "मी ठाण्याला पुन्हा जागा बघतो. या रविवारीच जातो."

"मी येते," ती म्हणाली. "आणि रविवारी नाही. रविवारी शाळा बंद असते. शाळा बघायची तर चालू असताना बघायची."

मी रजा काढली. मुलगा बरा झाल्यावर, भर पावसात, चौघं ठाण्याला गेलो. शाळेची चौकशी मी आधी करून ठेवली होती आणि हेडमास्तरांना काय काय विचारायचं याची एक यादी कागदावर काढली होती. मॅट्रिकचा निकाल, मैदान, पिण्याचं पाणी. शाळेच्या फाटकासमोर एका दुकानाची पडवी होती, तिथे पोचल्यावर मी कागद काढला.

"थांबा जरा," ही म्हणाली. "आधी शाळा सुटू दे."

पाच वाजता घंटा झाली. मुलगे धावत बाहेर पडले, मागून मुली. ही बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. लहान मुली गेल्या, त्यांना तिने मोजलं नाही. फाटक ओसरत आलं तेव्हा ती म्हणाली, "बावीस."

"बावीस काय?"

"पातळ नेसलेल्या. म्हणजे वरच्या वर्गातल्या. इथे मुलींची शाळा मधे सोडवत नाहीत."

मी माझा कागद घडी करून खिशात ठेवला. हेडमास्तरांनी मला निकाल सांगितला असता. हे त्यांनी सांगितलं नसतं, कारण मी विचारलंच नसतं.

सात मुलींचा एक घोळका एकमेकींच्या छत्रीत शिरत रस्त्याला लागला. ही त्यांच्या मागे निघाली. मीही निघालो.

"तुम्ही कुठे? तुम्ही मुलाला धरा आणि इथेच थांबा. शाळकरी मुलींच्या मागे छत्री घेऊन चाललात तर लोक धरतील."

मी पडवीत उभा राहिलो, कडेवर मुलगा, हाताशी मुलगी. मुलगी म्हणाली, "बाबा, आई त्यांच्या मागे का गेली?" मी म्हणालो, "जागा बघायला." हे उत्तर तिला पटलं नाही, आणि मलाही ते पडवीत उभ्या उभ्याच हळूहळू समजलं.

ती पाऊण तासाने परत आली. गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"टेंभी नाक्याच्या मागे एक गल्ली आहे," ती म्हणाली. "सातही तिथेच शिरल्या. कोणी या घरात, कोणी त्या घरात. नळावर बायका होत्या, त्यांना विचारलं. एक खोली आणि स्वयंपाकघर, दिवाळीच्या आत रिकामं होतंय."

"उजेड?"

"नाही."

"वारा?"

"नाही. समोर भिंत आहे."

"गल्लीत पाणी भरतं का? आता मी ते विचारायला शिकलोय."

"भरतं. एखाद्या दिवशी घोट्याच्या वर. मुली हात धरून जातात, मोठ्या पुढे, धाकट्या मधे. मी विचारलं." ती छत्री झटकत म्हणाली, "आणि स्टेशन लांब आहे. तुम्हाला वीस मिनिटं चालावं लागेल."

"मग आहे काय त्या जागेत?"

"सात मुली आहेत. आपली आठवी."

तेव्हा मी पहिल्यांदा त्या पडवीत हसलो. ती हसली नाही, ती मुलीचं डोकं पदराने पुसत होती.

दसऱ्यानंतर आम्ही डोंबिवली सोडली. निघायच्या आदल्या दिवशी ही शेतातल्या त्या बाईला भेटायला बांधावरून गेली. मीही मागे गेलो. भात पिवळं झालं होतं. बाई म्हणाली, "आता कशाला जाताव? पंधरा दिवसान कापनी. वाट मोकली व्हईल." ही म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा पावसाळा येईलच की." बाईने मान हलवली. तिला ते पटलं होतं, पण जायला कुठेतरी दुसरी जागा असावी लागते. या वेळी मी आभार मानले. ती म्हणाली, "रोपावर पाय नको देऊस तितं कोनाच्या," आणि आम्ही दोघं हसलो.

ठाण्याच्या शाळेत हेडमास्तरांनी मुलीचं दप्तर चाळलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बसू दे पाचवीत. पहिली सहामाही बुडल्यासारखीच आहे. वर्षअखेर परीक्षेचं बघू." मुलगी दुसऱ्या दिवशी त्या घोळक्यातून शाळेत गेली. हिने दारात उभं राहून बघितलं नाही. समोर भिंत असल्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतंच. पण साडेपाचला मुली गल्लीत शिरत तेव्हा त्यांचा आवाज आधी येई, आणि त्या आवाजातून आपल्या मुलीचा आवाज वेगळा काढायला मीही रजेच्या दिवशी शिकलो.

मुलीने त्या सहा महिन्यांत खूप अभ्यास केला. दिवसा दिवा लावून केला. पण जून ते दसरा या काळात वर्गात जे अपूर्णांक आणि जो भूगोल होऊन गेला होता, ते तिच्याजवळ नव्हतंच, आणि ते शिकवायला बसलो तो मी. मी दोन संध्याकाळी अपूर्णांक शिकवले. तिसऱ्या संध्याकाळी ती शेजारच्या आठवीतल्या मुलीकडे जाऊ लागली.

निकाल मे महिन्याच्या सुरुवातीला लागला. दोन विषयांत नापास. वर्ष पुन्हा करायचं. आज ती अकरावीत आहे. तिच्या गिरगावातल्या मैत्रिणी यंदा कॉलेजात गेल्या. त्यांचं पत्र आलं की ती ते दोनदा वाचते, आणि मी त्या वेळी काहीतरी शोधायला आत जातो.

त्या दिवशी तिने निकालाचा कागद मला दिला नाही, आईला दिला. आईने तो सगळा वाचला, शेवटच्या सहीपर्यंत, आणि परत तिच्या हातात दिला. मुलगी रडली. रडून झाल्यावर शेजारच्या मुलीने बोलावलं म्हणून गेली. घरात आम्ही दोघंच उरलो. मुलगा भिंतीशी लाकडी गाडी ओढत होता.

मी म्हणालो, "तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं."

ती डाळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"हो," ती म्हणाली.

मग खडा बाजूला काढत म्हणाली, "पुस्तकं तीच लागतील पुन्हा. जुनी कव्हरं काढून टाका आणि शाळा उघडायच्या आत चांगल्या कागदाची नवी घाला. पहिल्या दिवशी वर्गात तिची पुस्तकं जुनी दिसायला नकोत."